काठी, घोंगडी आणि अर्धी भाकर

"ताई, दादा गेला. सकाळी चहा मागितल्ता... आणेपर्यंत गेला." विष्णूच्या बहिणीचा, सुनीताचा फोन आला तेव्हा मी पुण्यात आमच्याच गेमची सुरुवात बदलत बसले होते. तसा शब्द दिला होता त्याला. दीड महिना झाला, आणि माझं मन अजून त्या सकाळच्या पुढे सरकलेलं नाही.

विष्णूचं राजूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. घराणं मूळचं धावड्याकडचं, मेंढपाळांचं. कॉलेजात आमची ओळख झाली ती गेमच्या वेडातून, आणि पुढे आम्ही स्वतःचाच एक कॉम्प्युटर गेम करायला घेतला: राक्षसांचं राज्य आणि त्यात एकटा निघालेला माणूस. गोष्ट त्याची, प्रोग्रॅमिंग माझं. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. निघताना त्या माणसाजवळ काय असावं? विष्णू म्हणे, काठी, घोंगडी आणि अर्धी भाकर, बस. पहिला तासभर तलवार नाही. लांडगा दिसला की लपायचं. मी म्हणायचे, लोक कंटाळून दहा मिनिटांत बंद करतील. "करू दे. आयती तलवार हातात दिली, मंग ती कमावल्याची गोडी काय राह्यली?"

मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. सुनीताची किडनी जुळली नाही. त्याच सुमारास एका कंपनीने गेम घ्यायची तयारी दाखवली. अट एवढीच, की सुरुवात वेगवान हवी. त्याच्या डोळ्यांदेखत गेम बाहेर यावा, याखेरीज मला काही सुचत नव्हतं. त्याला न विचारता मी तिसऱ्याच मिनिटाला तलवार देऊन टाकली.

डायलिसिसच्या खाटेवर, मी नेलेल्या लॅपटॉपवर, सुई नसलेल्या हाताने त्याने ते खेळून पाहिलं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"ह्यो माणूस भीतच न्हाई गं. मंग मोठा कसा व्हायचा?"

"वेळ नाही आपल्याकडे, विष्णू."

"माझ्याकडं न्हाई. खेळणाऱ्याकडं हाय."

सगळं पहिल्यासारखं करते, म्हणाले. आठवडा तरी लागणार होता. तो पाचव्या दिवशी गेला.

आता सुरुवात त्याच्या मनासारखी झाली आहे. कंपनीने नकार कळवला. ज्याला दाखवायची होती तो माणूसच नाही, आणि बाकी कुणाला दाखवावी असं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात राजूरला गेले. दुकान सुनीता बघते. मागच्या खोलीत त्याचा कीबोर्ड पुसता पुसता तिने विचारलं, "ताई, हे एकच बटण नवं कसं राह्यलं?"

गेममध्ये चालायच्या बटणांवरची अक्षरं पार झिजून गेली होती. ती दाखवत होती ते धावायचं बटण होतं.