वहिनीच्या नक्ष्या आणि नणंदेचा रिसेट

घरात तिला सगळे 'फडकं' म्हणत. चिडवायला नव्हे, निदान फक्त चिडवायला नव्हे. पाहुण्याच्या चहाचा शेवटचा घोट कपातच असायचा आणि ही कप विसळायला न्यायची. आईचं वर्तमानपत्र अर्धं वाचून व्हायच्या आत रद्दीत गेलेलं असे. अशा बाईने पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहावेत यात नवल नाही. तिथे पुसायला भरपूर असतं.

ऑफिसचं काम संपलं की ती हौसेने आणखी एक काम करी. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग वठवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून तो लिहीत होते आणि त्यातला डिस्क कंट्रोलर हिच्या वाट्याला आला होता. कंट्रोलर म्हणजे डिस्कच्या कोठारावरचा माणूस. कुठल्या कप्प्यात काय आहे ते बघायचं आणि मागेल त्याला काढून द्यायचं. खऱ्या कॉम्प्युटरात हे काम एक चिप करते. हिने त्या चिपचं सोंग लिहिलं होतं, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

तिच्या वहिनीचा मशीनवरच्या भरतकामाचा छोटासा कारखाना होता. शाळांचे बिल्ले, टोप्यांवरची चित्रं, हॉटेलच्या टॉवेलांवरची नावं. मशीनला नक्षी पुरवणारा जुना कॉम्प्युटर एक दिवस बसला तो उठलाच नाही. डिस्क धडधाकट होती. तिच्यात वहिनीने आयुष्यभर काढलेल्या नक्ष्या होत्या, पण त्या उघडणारा प्रोग्रॅम त्या जुन्या कॉम्प्युटरशिवाय चालत नव्हता. दादा म्हणाला, आता मशीन विकून मोकळं होऊ, शनिवारी गिऱ्हाईक बघायला येतंय. वहिनीने मशीनवर चादर टाकली. वहिनीने काम झाकून ठेवलं म्हणजे प्रकरण गंभीर, हे त्या घरात लहान मुलालाही ठाऊक होतं. नणंदेने छाती ठोकून सांगितलं, "वहिनी, शनिवारच्या आत तुमच्या नक्ष्या मी उघडून देते."

छाती ठोकायला काय जातं? तिने डिस्कची नक्कल एम्युलेटरला जोडली. भरतकामाचा प्रोग्रॅम शहाण्यासारखा सुरू झाला, नक्ष्यांची नावंही दिसली. पहिल्या नावावर बोट ठेवलं तर उत्तर आलं, 'नक्षी सापडत नाही'. दुसऱ्यावर ठेवलं तरी तेच. सगळ्या गेल्या की काय, या धास्तीने तिने भराभर पुढची नावंही उघडून बघितली. मग सवयीप्रमाणे राग आला, तोही दुसऱ्यावर. तिने एम्युलेटरवाल्या मंडळींना लिहिलं, "हा जुना प्रोग्रॅम अगदी गचाळ आहे. प्रत्येक नक्षी उघडण्याआधी उगाच कंट्रोलरला रिसेट करतो."

मंडळींतल्या एकाला सगळे दाढीवाला म्हणत. त्याचं उत्तर लगेच आलं. "खऱ्या कॉम्प्युटरवर तो इतकी वर्षं चाललाच ना? नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही?"

शब्द झोंबले. घुश्शातच तिने प्रोग्रॅम आणि कंट्रोलर यांचं सगळं बोलणं पडद्यावर उमटेल अशी सोय केली आणि ओळीओळीने वाचायला बसली. सुरुवातीला प्रोग्रॅम कंट्रोलरला सांगत होता, डिस्कची मांडणी अशी आहे, एका ओळीत इतके कप्पे धर. मग रिसेट. मग त्याच मांडणीच्या हिशेबाने तो अमुक कप्पा मागत होता, आणि कंट्रोलर भलताच कप्पा काढून देत होता. कारण रिसेट होताच हिचा कंट्रोलर हातातलं काम तर टाकतच होता, पण सांगितलेली मांडणीही विसरत होता. विसरायला त्याला हिनेच शिकवलं होतं. वीज गेली काय आणि नुसता रिसेट झाला काय, हिच्या लेखी दोन्हीचा अर्थ एकच, पाटी कोरी.

दाढीवाल्याकडे तसलं खरं जुनं यंत्र होतं. तिने जरा नमतं घेऊन त्याला करून बघायला सांगितलं. त्याने कळवलं, "वीज काढली की सगळं विसरतं. नुसता रिसेट केला तर हातातलं काम टाकतं, मांडणी ध्यानात ठेवतं. तुझ्यापेक्षा समंजस आहे."

तिला हसू फुटलं. दोन रिसेट वेगळे करायला फारसा वेळ लागला नाही. आपल्याच हाताने एक गोष्ट न पुसता तशीच सोडायची, याला मात्र तिने बराच वेळ घेतला.

शनिवारी गिऱ्हाईक टेप घेऊन आलं आणि मशीनची लांबी-रुंदी मोजू लागलं. दादा त्याच्यामागे दुसरं टोक धरून उभा. इकडे नणंदेने मशीनला जोडून दिलेल्या नव्या कॉम्प्युटरवर वहिनीने पहिल्या नावावर बोट ठेवलं. पडद्यावर एक घुबड आलं, एक डोळा लहान, एक मोठा.

"हे माझं पहिलं," वहिनी म्हणाली. "डोळा नीट करायचा राहूनच गेला." तिने मशीन सुरू केलं आणि खडखड करत तेच घुबड कापडावर उतरायला लागलं.

गिऱ्हाइकाने टेप गुंडाळली. "अहो, हे तर झकास चालतंय. मग विकताय कशाला?"

"कोण विकतंय?" वहिनी म्हणाली. दादाने हातातलं टोक मुकाट्याने सोडलं.

नणंदेला वाटलं, आता वहिनी एकेक जुनी नक्षी उघडून बघत बसणार. पण वहिनीने कोरं पान उघडलं. कॉम्प्युटर बंद पडल्यापासून तिने एक रेघ ओढली नव्हती. काढून ठेवू कुठे, म्हणायची.

"वन्सं, यात नवीन ठेवलेलं राहील ना?"

"राहील, वहिनी."

"मग सरका जरा. कोपर अडतंय," असं म्हणून वहिनी काढायला लागली.