जन्मस्थळाचा रकाना

ओमानचा सामना शेजारच्या देशाशी होता आणि मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या ऑफिसात कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. कॉन्फरन्स रूममधला टीव्ही लावलेला होता. मी वातानुकूलनाची ड्रॉइंग्ज तपासणारा इंजिनिअर. फुटबॉल मी कधी खेळलो नाही, पण त्या दिवशी मीही जाऊन बसलो. शेजारी आमचा साइट सुपरवायझर होता. तो किनाऱ्यावरच्या खाबुरा गावचा ओमानी माणूस, भारतीय कामगारांबरोबर वीस वर्षं काम करून हिंदी शिकलेला. समोरच्या संघातला एकेक खेळाडू पडद्यावर आला की तो मला सांगायचा, हा आफ्रिकेत जन्मला, हा ब्राझीलमध्ये, याला तर परवा पासपोर्ट दिलाय. ओमानवर दुसरा गोल झाला तेव्हा टीव्हीकडे पाठ करून तो म्हणाला, "ये प्लेयर नहीं है, सामान है. मँगवाया, पासपोर्ट लगाया, खलास."

मला ते मनापासून पटलं. मला त्या खेळाडूंचा रागच आला. माझे वडील जिनिंग मिलच्या फाटकावर पहारेकरी होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, पदवी, प्रत्येक पायरीवर कोणीतरी माझा कागद तपासला, शिक्का मारला आणि मगच मला पुढे सोडलं. त्या सगळ्या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत असं मी आजही मानतो. त्यामुळे आपली नसलेली जागा कोणी अशी सहज घेऊन बसलेला दिसला की माझं डोकं फिरायचं. मी मस्कतमध्ये अकरा वर्षं आहे. माझी मुलगी इथे जन्मली. तरी आम्ही ओमानी नाही आणि होणारही नाही, यात मला कधी काही चूक वाटली नाही. जो जिथला, तो तिथला.

हा राग घेऊन मी आमच्या मराठी मंडळात गेलो.

हिवाळ्यात इथल्या भारतीय मंडळांची सात-सात जणांची फुटबॉल स्पर्धा असते. केरळवाल्यांच्या दोन-तीन टीम, गोव्याची एक, तमिळ, तेलुगू आणि आमची. खेळता येत नसलं तरी वह्या नीट ठेवतो म्हणून मला टीमचा मॅनेजर केलं होतं. आदल्या वर्षी कोणत्या तरी मंडळाने दुसऱ्यांचे खेळाडू आणले म्हणून मैदानावर शिवीगाळ झाली होती. तेव्हा सेक्रेटरींच्या घरी बैठकीत विषय निघाला, की आपल्या टीममध्ये फक्त आपलेच खेळाडू हवेत, पण आपला कोण हे ठरवायचं कसं? सेक्रेटरी पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत अकाउंट्सचे प्रमुख. ते म्हणाले, आडनावावरून कळतंच की. एक जण म्हणाला, पासपोर्ट बघा. मी म्हणालो, पासपोर्टवर पत्ता बदलतो, मुंबईचा पत्ता तर कोणीही लावतो. शाळा सोडल्याचा दाखला मागवा. त्यावर जन्मस्थळ असतं, मातृभाषा असते, मुख्याध्यापकांची सही असते.

सगळ्यांना कल्पना आवडली. नमुना म्हणून मी पुढच्या बैठकीला माझाच दाखला घेऊन गेलो.

आज मला माझ्या या मूर्खपणाचं नवल वाटतं. त्या दाखल्यावर धर्म आणि जात असाही रकाना असतो. तो मला पाठ होता. याच रकान्याच्या जोरावर मला फी माफ झाली, वसतिगृह मिळालं. पण मी तो कागद इतकी वर्षं अभिमानाने जपला होता, की त्यावर दुसऱ्याला काय दिसेल हे माझ्या मनातच आलं नाही. मला दिसत होतं ते आमच्या मुख्याध्यापकांचं अक्षर आणि 'वर्तणूक : उत्तम'.

सेक्रेटरींनी दाखला हातात घेतला, वरून खाली वाचला, मध्ये एका ठिकाणी अंगठा ठेवून थांबले. मग तसाच अंगठा ठेवून शेजारच्याला दाखवला. दाखला पोह्यांच्या बशांवरून सगळ्या खोलीत फिरला आणि कोणी जन्मस्थळाबद्दल काही बोललं नाही. तो माझ्याकडे परत आला तेव्हा सेक्रेटरी अगदी सहज, चहा ओतता ओतता म्हणाले, "तुमचं एक वेगळं मंडळ आहे ना हो, ते एप्रिलमधलं? त्यांची टीम नाही का?"

नाही, असं मी म्हणालो. दोघे-तिघे आपापल्या मोबाइलमध्ये बघत होते. मी एप्रिलमधल्या मंडळातही जातो, दरवर्षी जयंतीला खुर्च्या लावतो. पण मराठी मंडळात मी सहा वर्षं होतो आणि तिथे मला पाहुणा म्हणून बसवलंय हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

खरं तर मी तेव्हाच उठायला हवं होतं. मी उठलो नाही. उलट ठरवलं, की नियम मी सुचवलाय तर असा काटेकोर पाळून दाखवीन, की मंडळाची माझ्याइतकी काळजी कोणाला नाही हे यांना मान्य करावं लागेल.

आता आमच्या स्टॉपरबद्दल सांगतो. बचावफळीत मधोमध उभा राहणारा हा माणूस मस्कतच्याच वादी कबीर भागातल्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. वय तिशीच्या आसपास. आमच्या टीममध्ये खरं फुटबॉल येत असलेला तो एकटाच. बोलायला फटकळ, आणि बोलायचा तो मालवणीच. सरावाला मी हजेरीची वही घेऊन उभा राहिलो की लांबून ओरडायचा, "साहेब, मस्टर भरलात? आता बॉल घेवन येवा." बाकीचे हसायचे, मीही हसायचो. कुडाळजवळच्या एका गावात त्याचं घर. गणपतीला हटकून सुट्टी टाकून जाणारा. तो कुठला हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्याने दाखल्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. मातृभाषा : मल्याळम. जन्मस्थळ केरळमधलं एक गाव. त्याच्या वडिलांनी कुडाळजवळ हायवेवर टायरचं दुकान टाकलं होतं आणि हा चार वर्षांचा असताना सगळे कोकणात आले. पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी शाळा. पण रकाने ते रकाने.

मी फोटो सेक्रेटरींना पाठवला. त्यांचा फोन आला तेव्हा ते खुशीत होते. म्हणाले, बघा, तुमच्या नियमामुळे सापडला, आपण किती वर्षं याला मालवणी समजत होतो. मी विचारलं, मग तुमच्या पुतण्याचं काय? त्यांचा पुतण्या आमचा फॉरवर्ड. तो मस्कतमध्ये जन्मलेला आणि इथल्याच भारतीय शाळेत शिकलेला, त्याच्याकडे महाराष्ट्रातला दाखला असणंच शक्य नव्हतं. मराठीत त्याला "पास दे" आणि "पाणी" एवढंच नीट म्हणता यायचं.

"त्याच्या वडिलांचा दाखला लावा," सेक्रेटरी म्हणाले. "अहो, शेवटी रक्त आपलंच आहे."

आपलंच म्हणजे कोणाचं, हे मी विचारलं नाही. वडिलांचा दाखला चालत असेल तर स्टॉपरच्या वडिलांचा केरळचाच असणार, म्हणजे हा नियम त्या दोघांना नीट वेगळं करणारा होता. ते मला कळत होतं. मी फक्त म्हणालो, यादी उद्या देतो. त्यावर ते म्हणाले, "शाब्बास. तुमच्यासारखी शिस्तीची माणसं आपल्याकडे कमी आहेत." त्या 'आपल्याकडे'ने मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं.

यादीतून नाव काढल्याचं व्हॉट्सअॅपवर कळवणं मला बरं दिसेना, म्हणून शुक्रवारी सरावाच्या आधी गॅरेजमध्ये गेलो. तो एका पिकअपच्या खाली होता. मी उभ्यानेच सांगितलं, की नियम सगळ्यांना सारखा आहे, दाखल्यावर जन्मस्थळ बाहेरचं आहे, माझा नाइलाज आहे. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले.

"बापाशीन माका इचारून जल्माक घालूक नाय, साहेब," तो म्हणाला.

मी म्हणालो, हे वैयक्तिक घेऊ नको. आणि मग, का कोण जाणे, ऑफिसात ऐकलेलं सगळं त्याला ऐकवलं. देशाच्या टीमसुद्धा असे बाहेरचे खेळाडू आणतात, जिंकतात, पण लोक त्यांना आपलं म्हणत नाहीत, त्यापेक्षा हे बरं. तो शांतपणे ऐकून घेत होता. मला वाटलं त्याला पटतंय. मग त्याने विचारलं, "दाखलो तुमचोय फिरलो ना थंय? सगळ्यांनी वाचल्यानी?"

त्याला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. बैठकीतल्याच एखाद्याने सांगितलं असणार, गंमत म्हणून.

"मगे? तुमका ठेवल्यानी आणि माका काढूक लावल्यानी," तो म्हणाला. "बरा काम गावला तुमका."

गॅरेजमधली दुसरी दोन माणसं आमच्याकडे बघत होती. मी त्याला म्हणालो, तोंड सांभाळून बोल. तो म्हणाला, ही गॅरेजची जागा आहे, इथे तो कसाही बोलेल, मीच निघावं. मी निघालो. गाडीत बसल्यावर मी त्याला मनातल्या मनात जे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात त्याच्या जन्मगावाचाही उद्धार होता. म्हणजे सेक्रेटरींचा अंगठा माझ्या रकान्यावर ज्या नजरेने थांबला होता, त्याच नजरेने मी आता दुसऱ्याचा रकाना वाचत होतो. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. त्या दिवशी मी सरळ मैदानावर गेलो आणि हजेरी घेतली.

नंतर ऐकलं, की केरळच्या एका टीमने त्याला बोलावलं होतं. एक दिवस गेला. तिथल्या पोरांना त्याचं मल्याळम ऐकून हसू आवरेना, तेव्हा बूट पिशवीत घालून परत आला. त्या हिवाळ्यात तो कोणाकडूनच खेळला नाही.

आम्ही स्पर्धा जिंकलो. हरलो असतो तर मला सोपं गेलं असतं. पुतण्याने अंतिम सामन्यात दोन गोल केले, ते चांगलेच होते. चषकाबरोबर फोटो काढला, सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भाषणात माझ्या शिस्तीचं कौतुक केलं. फोटो ग्रुपवर आला तेव्हा अभिनंदनाच्या रांगेत मी स्टॉपरचं नाव शोधलं. तो ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडला होता.

दुसऱ्या आठवड्यात मी सेक्रेटरींना फोन केला आणि म्हणालो, पुढच्या वर्षी दाखल्याचा नियम काढून टाकू. ते हसले. म्हणाले, "अहो, नियम तुमचाच. आता चांगला चाललाय तर मोडायचा कशाला?" मी म्हणालो, मग मला मॅनेजर राहायचं नाही. त्यांनी क्षणभरही थांबवलं नाही. बरं बरं, म्हणाले, तसंही तुम्हाला तिकडच्या मंडळाचं काम असेल. मला कळलं की माझं जाणं त्यांनी आधीच कधीतरी गृहीत धरलं होतं.

मी अजून ऑफिसात सामने बघतो. सुपरवायझर अजून समोरच्या संघातले परके खेळाडू मोजतो. पूर्वी मी त्याच्याबरोबर मोजायचो, आता मोजत नाही. त्यालाही ते कळलंय. एकदा त्याने विचारलं, तू त्यांच्या बाजूचा झालास का? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मग गप्प का असतोस? तेव्हापासून तो माझ्या शेजारी बसत नाही.

मे महिन्यात माझ्या गाडीचा एसी बंद पडला. दुसरी गॅरेजं होती, तरी मी मुद्दाम वादी कबीरला गेलो. रस्त्यात त्याला काय म्हणायचं ते ठरवलं होतं : माझं चुकलं, नियम चुकीचा होता, तू पुन्हा खेळायला ये, मी भांडतो. तो बाहेरच उभा होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मी मराठीत सुरुवात केली. त्याने बॉनेट उघडलं, हात आत घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "क्या प्रॉब्लेम है, सर?"

मी पुन्हा मराठीत बोललो. तो पुन्हा हिंदीतच बोलला, अगदी अदबीने, कोणत्याही गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. गॅस संपलाय, पाइप तपासावा लागेल, उद्या संध्याकाळी घेऊन जा. मी चावी त्याच्या हातात दिली. जे सांगायचं ठरवलं होतं ते तसंच राहिलं. "ठीक है," मी म्हणालो, आणि टॅक्सी बघायला रस्त्यावर आलो.