पाठ फिरवलेला सम्राट

भुताखेतांचे किस्से निघाले की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण पाहिलं ते पाहिलं.

आम्ही तेव्हा आखातात, अल कुसैसला राहायचो. माझा नवरा शिरीष आणि माझा सख्खा धाकटा भाऊ मंदार यांचं जुमेरा लेक टॉवर्समध्ये जुन्या नाण्यांचं छोटं ऑफिस होतं. लायसन्स मंदारच्या नावावर, शिरीषचा व्हिसाही त्याच लायसन्सवर, पारख शिरीषची, काचेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. दोघांचं अलीकडे अजिबात पटत नव्हतं.

त्या दिवशी दोन रोमन नाणी शेजारी मांडली होती. एक कॉन्स्टन्टाइनचं, मागच्या बाजूला सूर्यदेव. दुसरं लिसिनियसचं, मागे ज्युपिटर.

"हे दोघं मेहुणे," शिरीष म्हणाला. "निम्मं निम्मं साम्राज्य. आणि नाण्यांमधून भांडण — माझा देव मोठा की तुझा."

लिसिनियसचं तोंड उजवीकडे, मेहुण्याच्या नाण्याकडे होतं. फोटो मीच काढला.

कपाटाला कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून, आम्ही तिघंही खाली जेवायला गेलो. परत आलो तर लिसिनियसचं तोंड डावीकडे! नाणं सरळच ठेवलेलं, पण त्यावरच्या चेहऱ्यानं चक्क पाठ फिरवलेली. काठावरचा टवका तोच, हिरवा डाग तोच, मागचा ज्युपिटरही तसाच.

मंदारनं फोटोशी ताडून पाहिलं. "भावोजी, नाणं बदललंत? खलास. मी पोलिसात जातो."

"अरे, किल्ली माझ्याकडे होती!"

"ताई, तू त्यांचीच बाजू घेणार."

मी त्याच्यापुढे हात जोडले... धाकट्या भावापुढे. शेवटी म्हणाला, "बरं. तुझ्यासाठी सोडतो. शब्द."

पुढच्याच आठवड्यात त्यानं तक्रार केली. पुरावा काहीच नव्हता, शिरीष सुटला. पण तोवर मंदारनं त्याचा व्हिसा कॅन्सल केला होता.

परतीच्या विमानात शिरीष एवढंच बोलला, "कॉन्स्टन्टाइननंही बहिणीला शब्द दिला होता, तुझ्या नवऱ्याला मारणार नाही म्हणून. नंतर मारलंच."

आता पुण्यात तो नाणी हातात घेत नाही. मुलगी म्हणते, "मम्मा, मामा इज फॅमिली. लेट इट गो."

ते नाणं मंदारनं विकलं — अस्सल म्हणून! साइटवर फोटो पाहिला. तोंड डावीकडे, काठावर तोच टवका.

कुलपातल्या काचेमागे हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. ते नाणं जेवणाआधी आणि नंतर पाहणारे आम्ही तिघंच होतो. शिरीष त्यावर बोलत नाही. आणि मंदारला विचारायचं, तर त्याच्याशी बोलावं लागेल.