भिंतीचं तोंड

क्रेसेन्सिओ बाएसासारखा गाडी चालवणारा माणूस अख्ख्या टेक्सासमध्ये सापडणार नाही, आणि सापडूही नये. तो पुढे बघतच नाही. जन्मभर बंद पडलेल्या गाड्या ओढून आणण्याचा धंदा केल्यामुळे जगात महत्त्वाचं जे काही असतं ते आपल्यामागे आकड्याला लटकलेलं असतं, अशी त्याच्या मानेची पक्की समजूत झाली आहे. आमच्या इथल्या राष्ट्रीय पार्कातला डांबरी रस्ता बघायला लोक पार मिनेसोटाहून येतात. याने तो हजारदा पाहिला. पण आरशातून, कुणाच्या तरी फुटक्या रेडिएटरच्या पलीकडे.

रस्ता संपतो तिथे नदी, आणि नदीवर आभाळापर्यंत गेलेली, मधोमध चिरलेली डोंगरकड्याची भिंत. क्रेसेन्सिओची बायको निएवेस त्या भिंतीपलीकडची, मेक्सिकोतल्या गावची.

"लहानपणी रोज तिची पाठ बघितली," ती म्हणायची. "एकदा तोंड दाखव."

"सीझन संपू दे," हा म्हणायचा.

हिवाळ्यात प्रवासी यायचे, उन्हाळ्यात उरल्यासुरल्यांची इंजिनं उकळायची. सीझन कधी संपलाच नाही. एकदा तर ती हट्टाने त्याच्या आकड्याच्या गाडीत चढून बसली. अर्ध्या वाटेत गिऱ्हाईक भेटलं, आणि बाई घामाने थबथबलेल्या एका दंतवैद्याला चिकटून घरी परत आली.

मग यंदा आल्पाइन गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, निएवेसच्या नजरेचा मधला भाग चाललाय, उपाय नाही. समोर धरलेला चेहरा तिला पुसल्यासारखा दिसायचा. कडेकडेचं तेवढं दिसे, तेही लख्ख उजेडात, आणि तेही किती दिवस हे डॉक्टरने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्रेसेन्सिओ माझ्या दारात.

"कंपाद्रे, दोस्ता, तुझी गाडी दे."

"तुझी कुठे गेली?"

"निएवेस तीत बसत नाही. म्हणते, त्या गाडीचा वास घेत गिऱ्हाईक येतं."

मी गाडी दिली आणि मागच्या सीटवर स्वतःही बसलो. मित्रावर माझा विश्वास आहे, पण गाडीवर प्रेम आहे.

भल्या सकाळी निघालो. त्या भिंतीवर ऊन सकाळीच असतं. दुपारनंतर सूर्य तिच्या मागे जातो. निएवेसने बरिटो बांधून घेतले होते आणि चर्चला जायचा निळा झगा घातला होता.

"हे बघ," क्रेसेन्सिओ वळणावर म्हणाला, "इथे जर्मन जोडपं. पंख्याचा पट्टा तुटला. आणि इथे लग्नाची गाडी. नवरी टायरवर बसून रडत होती."

"अरे, डोंगर सांग की!"

"डोंगर? आहे ना." आणि त्याने आरशात बघितलं.

"मागे काही नाहीये, म्हाताऱ्या! कंपाद्रे आहे फक्त."

"तू तरी कुठे पुढे बघतेस? तोंड खिडकीकडे."

"खिडकीकडे बघितलं तरच मला पुढचं दिसतं. खेचराचे कान दिसले आत्ता. दोन्ही!"

त्या नावाची दोन शिखरं. बाई अशी खुलली, जणू तिच्या बापाचं हरवलेलं खेचरच परत आलं होतं.

त्यानंतरच्या उतारावर ती एकदम म्हणाली, "थांब. कडेला कुणीतरी उभं आहे."

"मला नाही दिसलं," क्रेसेन्सिओ म्हणाला.

मला दिसलं होतं. उघडं बॉनेट, वाफ, छत्री धरलेली म्हातारी आणि तिचा म्हातारा. त्याला तर माझ्या आधी दिसलं असणार. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा पाय ब्रेकवर गेला नाही.

"म्हाताऱ्या, आंधळी होतेय मी, तू नाहीस. वळव."

"ऊन जाईल, निएवेस."

"इथे फोन लागत नाही. कुणी आलं नाही तर मरतील ती माणसं."

वळवली. पाण्याची नळी फाटली होती. आकड्याची गाडी नाही, हत्यारं नाहीत. त्याने माझ्या कमरेच्या पट्ट्याने नळी आवळली. ती पुन्हा फाटली, पुन्हा आवळली. आमचं पिण्याचं पाणी त्यांच्या इंजिनाने प्यायलं, आमचे बरिटो त्या दोघांनी खाल्ले. निएवेस त्या म्हातारीला वारा घालत होती आणि अधूनमधून आभाळाकडे तोंड वळवून उजेड चाचपत होती.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य भिंतीच्या मागे गेला होता. भिंत काळी, एकसारखी. मी पँट हाताने सावरत उतरलो. निएवेस मान डावीकडे करून बघे, उजवीकडे करून बघे, कोंबडी दाणा शोधते तशी.

"कुठे आहे?"

"समोर."

"समोर तर काहीच नसतं रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "इथे कुणाची गाडी बंद पडली होती?"

"इथे कुणाचीच नाही."

"मग बघ आणि सांग."

तो बघत राहिला. "उंच आहे," तो म्हणाला. "वरपासून खालपर्यंत फाटलीय."

"आणि?"

"त्यातून नदी येते. मळकी आहे."

"आणि?"

पुढे त्याला जमेना. तो बाहीने डोळे पुसायला लागला तेव्हा मी माझ्या गाडीचं टायर तपासायला गेलो. टायर उत्तम होतं.

"उद्या उजाडताच येऊ," मागून त्याचा आवाज आला. "सीझन गेला खड्ड्यात."

"येऊ," निएवेस म्हणाली. 'सीझन संपू दे' हा ज्या आवाजात म्हणायचा, अगदी त्याच आवाजात.

परतताना ती डोळे मिटून बसली होती. क्रेसेन्सिओ सवयीने आरशात बघत गाडी हाकत होता, आणि मी त्याला टोकलं नाही. आरशात भिंत होती. ती वळणाआड जाईपर्यंत तो हळू आवाजात तिला सांगत राहिला, आता किती उरली ते.