कराटे क्लासचा नारळ

पाणी भरून झालं होतं, मी कपडे पिळत होते. मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, “आई, एक माणूस रोज शाळेपासून मागे येतो. मला कराटे शिकायचंय. काकांना सांगू नकोस, ते शाळाच बंद करतील.”

नव्वदच्या दशकातलं भाईंदर. हे जाऊन वर्षही झालं नव्हतं.

नाव घालायला गेले, तर क्लासचे सर म्हणाले, “उद्या पूजेला नारळ आणा. पण फोडायला घरातला पुरुष आणा, ताई. तुमच्या हातून कसं चालेल?”

घरातला पुरुष म्हणजे माझे दीरच.

आज नातीच्या क्लासात नारळ फोडताना एक विधवा आई आपणहून मागे सरकली. तुमच्याकडेही अजून असंच आहे का?

मी तेव्हा दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन गेले आणि नारळ स्वतः फोडला.