साहेब येईपर्यंत हात लावू नका

घर घेताना मी दलालाला एकच प्रश्न विचारला होता, "तापीचं पाणी येतं का इथे?" त्याने छातीवर हात ठेवून नाही म्हटलं आणि तो खोटं बोलत नव्हता. तापी कुठे, आमचं गोडादरा कुठे. सुरतेत पूर म्हटलं की ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे तापी येते, उकाईच्या धरणाचे दरवाजे येतात. सोसायटीच्या मागून जाणाऱ्या खाडीला, इथे ओढ्यालाच खाडी म्हणतात, मी नाला समजत होते. वास येऊ नये म्हणून मागची खिडकी लावून घ्यायची, एवढाच माझा तिच्याशी संबंध.

दुसरी गोष्ट ओट्यांची. गल्लीतल्या जुन्या घरांचे ओटे चांगले मांडीएवढे उंच होते. मला ते गावंढळ वाटले. आमचं घर तेवढं रस्त्याच्या पातळीला, स्कूटर सरळ आत नेता येईल असं. "म्हातारपणी गुडघ्यांना बरं," असं मी नवऱ्याला म्हणाले होते. मी शाळेत भूगोल शिकवते. पाणी उताराकडे जातं हे दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. त्या उंच ओट्यांवर गल्लीतल्या सगळ्या पुरांची हकिगत लिहिलेली होती आणि बाईंना ती वाचता आली नाही.

विम्याच्या बाबतीत मात्र मी हुशार होते. कर्ज देताना बँकेने विमा घ्यायला लावला, तो नुसत्या बांधकामाचा होता. आतल्या सामानाचा वेगळा घ्यावा लागतो, हे मी खोदून खोदून विचारून घेतलं. त्यात पूर धरलाय ना, हेही विचारलं आणि तो विमा घेतला. इथवर सगळं ठीक. पण हुशारी पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही. गल्लीत भाजीची गाडी आली तरी मी विम्याचा विषय काढायची. बहुतेक घरं खानदेशातली, पुरुष लूमवर किंवा मिलमध्ये, बायका घरी साड्यांना खडे लावणाऱ्या. त्या माना डोलवायच्या आणि कोथिंबीर निवडून घ्यायच्या. शेजारच्या आक्का तेवढ्या मनापासून ऐकायच्या. आक्का सासू झालेल्या, गल्लीत सगळ्यात जुन्या. घरात-दारात अहिराणीच बोलायच्या. मीही धुळ्याकडचीच, पण त्यांना मी उत्तर द्यायची ते पुस्तकी मराठीत. शाळेच्या बाई ना मी.

त्या वर्षी आमच्याकडे धड पाऊसही नव्हता. तो कोसळत होता वरच्या अंगाला, कडोदऱ्याच्या बाजूला, आणि ते सगळं पाणी खाडीने आमच्याकडे निघालं होतं. सकाळी आक्कांनी ओट्यावरून हाक मारली, "बाई, तुमनी मोरी बोली ऱ्हायनी का?"

मोरी खरंच बोलत होती. आतून गुडगुड आवाज येत होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मी पुढच्या दाराला प्लास्टिक लावून त्यावर वाळूच्या गोण्या रचण्यात गर्क होते. अगदी पुस्तकात दाखवतात तशी भिंत उभी केली आणि कंबरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. मागून नवरा ओरडला. पाणी मोरीतून वर येऊन स्वयंपाकघर ओलांडून माझ्या पायांशी पोचलं होतं. काळं, कोमट पाणी. माझ्या भिंतीने आता ते बाहेर जायचं अडवलं.

गल्लीतल्या बायका साड्यांचे गठ्ठे वर नेत होत्या. शेठचा माल आधी, घरचं सामान नंतर. मी पहिल्यांदा काय उचललं? विम्याची फाईल. ती माळ्यावर ठेवली आणि मग फ्रिजकडे वळले, तोवर तो तरंगायच्या बेतात होता. आमच्या घरावर मजला नाही, नुसती गच्ची. आक्का त्यांच्या जिन्यातून म्हणाल्या, "चाल व माय, वर चाल. घर काई पळत नही."

पाणी उतरेपर्यंत आम्ही दोघं त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. त्यांनी मला स्वतःची खाट दिली. पिठलं-भात, कढी-खिचडी, जे असेल ते आधी आमच्या ताटात. त्यांचा मुलगा, सून, नातवंडं, सगळे त्या एका खोलीत, आणि एकदाही कोणी अवघडल्यासारखं वागलं नाही.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. पाणी उतरलं की कोणी एकट्याने आपलं घर धुवायला घेत नाही. खाडीकडच्या टोकाच्या घरापासून सुरुवात होते. सगळी गल्ली एका घरात शिरते. पुरुष पंप लावतात, बायका खराटे आणि फावडी घेऊन गाळ ओढतात, पोरं बादल्या पोचवतात. ते घर झालं की पुढचं. गाळ ओला असतो तोवरच निघतो, एकदा वाळला की फरशीला धरून बसतो, म्हणून सगळी घाई.

मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, फोटो काढा, खराब झालेलं सामान फेकू नका, सर्व्हेयर येईल. एवढंच म्हणाला. बाकीचं मी मनाने जोडलं. सामान फेकायचं नाही म्हणजे हलवायचं नाही. हलवायचं नाही म्हणजे गाळही तसाच ठेवायचा, नाहीतर साहेबाला वाटेल, यांनी काहीतरी फेरफार केला. फोन परत उचलून "धुतलं तर चालेल का?" असं विचारायला काय हरकत होती? पण पॉलिसी समजलेली गल्लीतली एकमेव बाई तो प्रश्न कसा विचारणार?

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. टोकाच्या घरात काम सुरू झालं तेव्हा मी गेले नाही. आपण त्यांच्याकडे हात लावला, तर ते आपल्याकडे हात लावायला येणारच, आणि मग त्यांना अडवायचं कसं? तेव्हा न गेलेलंच बरं, असा मी चक्क हिशेब केला. मोबाईल हातात धरून दारात उभी राहिले आणि जो कोणी पाहील त्याला मी फोटो काढण्यात बुडालेली दिसेन अशी काळजी घेतली. आक्कांच्या घराची पाळी आली. ज्यांच्या खाटेवर मी झोपले होते त्यांच्या घरातून गाळाच्या बादल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात होत्या आणि मी मिक्सरचा फोटो वेगवेगळ्या बाजूंनी काढत होते.

मग सगळे आमच्या दाराशी आले. खराटे, फावडी, पंप. कोणी काही विचारलं नाही की तुम्ही का नाही आलात.

"थांबा," मी म्हणाले. "साहेब येईपर्यंत हात लावू नका."

"कोन साहेब?" आक्कांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. शाळेत सांगते तसं, स्वच्छ उच्चारात. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, चिखलातून पाय उचलले आणि त्या पुढच्या घरी गेल्या. नवरा हळूच म्हणाला, "अगं, निदान गाळ तरी काढू दिला असता." मी त्याच्यावर डोळे वटारले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तो वटारलेल्या डोळ्यांशी वाद घालत नाही, हेही माझं दुर्दैवच.

साहेब लवकर आले नाहीत. सगळ्या सुरतेत पाणी शिरलेलं, त्यांना आमचं एकच घर थोडंच होतं. आम्ही आक्कांकडेच झोपत-जेवत राहिलो. गल्ली फिनेलने धुऊन वाळली, पुरुष पाळीवर गेले, साड्यांचे गठ्ठे खाली आले. मध्येच आमचं घर तसंच. प्लायवूडचा पलंग फुगला, कपाटाची दारं सोलून निघाली. आणि वर्षाचे गहू भरलेला ड्रम. त्या गव्हांनी असा आंबूस वास धरला की आक्कांच्या सुनेने ताटावर बसल्या बसल्या पदर नाकाला लावला आणि मला पाहून लगेच खाली घेतला. भिंत सामाईक होती. वास त्यांच्याकडेच जात होता. मी त्यांचंच अन्न खात होते. तरी मी ड्रम हलवला नाही.

शेवटी सर्व्हेयर आला. तरुण, घामाघूम, दारातच रुमाल नाकाला लावला. आमचा गॅस चिखलात, म्हणून त्याला चहा विचारायचीही सोय नव्हती. पण पाहुणा दिसल्याबरोबर आक्का ट्रे घेऊन आल्या. ठेवणीतले कप, बशीत बिस्किटं. नेमकं तेव्हाच तो मला म्हणाला, "बेन, आ बधुं साफ केम नथी कर्युं?"

हे सगळं साफ का केलं नाहीत. मी म्हटलं, तुमच्यासाठी ठेवलं. त्याला कळेना. मग तो हिंदीत, समजुतीने बोलला. फोटो पुरले असते. गाळ काढायचा, घर धुवायचं, खराब सामान एका बाजूला ठेवायचं आणि जे वाचण्यासारखं आहे ते वाचवायचं. उलट ते मालकाचं कामच आहे. पुराने जे गेलं त्याचे पैसे मिळतील. पाणी उतरल्यावर नुसतं ठेवून जे सडलं, ते त्याला धरता येणार नाही. पलंगावर त्याने बोट दाबलं, ते आत गेलं.

आक्का ट्रे धरून तिथेच उभ्या होत्या. सुरतेत आयुष्य गेलेली बाई, गुजराती काय, हिंदी काय, त्यांना सगळं समजतं. मला वाटलं, आता या काहीतरी बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कप माझ्यापुढे धरला. "चहा ले व माय, थंडा व्हई जाई."

त्या संध्याकाळी आम्ही दोघंच गाळ काढायला बसलो. तो वाळून फरशीला चिकटला होता, लोखंडी पट्टीने खरवडावा लागला. गल्लीचा पंप परत गेला होता. कोणी आलं नाही, आणि यावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

विम्याचे पैसे आले. कापून, पण आले. नवा फ्रिज टेंपोतून उतरला तेव्हा गल्लीतले बाकीचे फ्रिज पाठ उघडून उन्हात वाळत होते. माझ्या फ्रिजला हळदकुंकू आक्कांनीच लावलं. मला दार लावून आत बसावंसं वाटत होतं.

पण खरी लाज पुढेच होती. दिवाळीनंतर तोच एजंट गल्लीत आला. घराघरांतून त्याला पाणी मिळालं, चहा मिळाला, विमा कोणी घेतला नाही. खाडीकडच्या घरातली बाई माझ्यादेखत म्हणाली, "आपलाले नको ते. घर सडू देनं पडस." बाकीच्यांनी माना डोलवल्या. विमा म्हणजे काय, ते त्यांनी माझ्याच घरात डोळ्यांनी पाहिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. "तसं नसतं, चूक माझी होती." ते वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी त्याऐवजी म्हणाले, "ज्याची त्याची मर्जी." आक्का ओट्यावर साडीला खडे लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात खाडी परत आली. पहिल्याइतकी नाही, पण सगळ्यांचे उंबरे ओलांडण्याइतकी. या वेळी मी गव्हाचा ड्रम आक्कांच्या वरच्या खोलीत नेला होता. पाणी उतरल्यावर फोटो काढले, मोबाईल खिशात टाकला आणि खराटा घेऊन टोकाच्या घरी गेले. सगळ्यांनी मला जागा करून दिली, फार अदबीने, शाळेत साहेबांना देतात तशी. त्या घरातला फ्रिज गेला होता, शिलाईचं मशीन गेलं होतं. गाळ ओढताना मी ते पाहत होते. त्याची भरपाई कोणी देणार नव्हतं.

घरं करत करत आम्ही आमच्या दाराशी आलो. मी आत शिरले. मागे कोणाचीच पावलं वाजली नाहीत. वळून पाहिलं तर सगळ्या बाहेर थांबलेल्या, खराटे खाली धरून. पुढे आक्का. टोमणा नव्हता त्यांच्या आवाजात, खरीच चौकशी वाटली.

"हात लावू ना बाई? का पयले साहेब येई?"

मला रडू फुटलं. रडत रडतच मी सगळं बोलून टाकलं, की साहेबासाठी घर सडवावं लागत नाही, मागच्या वेळी मीच न विचारता ठरवलं होतं, तुमच्याकडे गाळ काढायला यायचं मी मुद्दामच टाळलं आणि तुम्ही विमा घेतला नाहीत तो माझ्यामुळे. खाडीकडच्या बाईने मागे वळून पाहिलं. तिचा फ्रिज बाहेर रस्त्यावर आडवा पडला होता.

आक्कांनी माझ्या हातातला खराटा नीट सरळ केला.

"माले म्हाईत शे व माय," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिन मी चहा लई उभीच व्हतू ना."

म्हणजे वर्षभर त्यांना माहीत होतं, तरी दाराशी थांबून त्यांनी मलाच विचारलं होतं. माझी लाज राखायला त्या गप्प राहिल्या होत्या आणि त्यापायी त्यांच्याही घरात विमा नव्हता. त्यांचं सामान रस्त्यावर निथळत होतं. त्या आत आल्या आणि माझा नवा पलंग उचलायला एका बाजूने वाकल्या.