तिसऱ्या इन्व्हर्टरच्या दोन वायरी

आमच्या वन्संना कुणी घाई केली की त्या आणखी सावकाश होतात. समोरचा कासावीस होऊन उभा असतो आणि या मीटरच्या पिना शांतपणे रुमालाला पुसत बसतात. इन्व्हर्टर बसवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. बरोबरची माणसं त्यांना ‘थांबाबाई’ म्हणतात, कारण कुठल्याही कामावर पाऊल टाकलं की त्यांचा पहिला शब्द तोच. एका जुन्या साथीदाराचा हात घाईपायी भाजताना त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलाय. त्याविषयी त्या बोलत नाहीत, थांबा एवढंच म्हणतात.

एरवी मला याची गंमत वाटायची. सासूबाईंची अळंब्यांची खोली तापायला लागली, त्या दुपारी मात्र गंमत कुठल्या कुठे गेली.

सासरे गेल्यावर सासूबाईंनी मागच्या खोलीत अळंबी वाढवायला घेतली, आणि घरात पुन्हा त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. अळंब्यांना सतत गारवा लागतो. मागच्या खेपेला वीज गेली, खोली तापली आणि सगळं पीक काळं पडलं. ‘हीही खेप गेली तर मी परत यात पडणार नाही,’ असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या उगाच बोलणाऱ्यांतल्या नाहीत. म्हणून वन्संनी तीन इन्व्हर्टर आणून जिन्याखाली बसवले. गारव्याचं मशीन सुरू होताना एकदम जोर मागतं. तिघांनी मिळून लावला तरच ते उठतं, दोघांना ते झेपत नाही.

सकाळी वन्संनी तिन्ही एकेकटे चालवून पाहिले. दिवा पेटला, मीटरचे आकडे बरोबर आले. मग सगळं बंद करून त्यांनी बॅटरीच्या मोठ्या स्विचला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. ते कुलूप त्यांच्याखेरीज कुणी काढायचं नाही, असा त्यांचा नेम. त्यानंतर आम्ही दोघी मागच्या खोलीत सासूबाईंना पिशव्या हलवायला मदत करायला गेलो. ‘हे’ जिन्याखाली एकटेच राहिले. आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला. वीज आज येईलसं दिसत नाही, असं लाइनमन सांगून गेला.

खोलीच्या काचेतून आतला थर्मामीटर दिसतो. पारा चढत होता. सासूबाई दार घट्ट लावून आतच बसल्या. गार हवा बाहेर जायला नको, म्हणून मलाही आत येऊ देईनात. मी नुसती जिन्यापासून काचेपर्यंत येरझाऱ्या घालत होते.

ह्यांचं टुमणं सुरू झालं. सकाळी तिन्ही नीट चालले, मग आता जोडायला काय हरकत आहे, आई आत घामाने निथळतेय.

“पाठ फिरवली की परत मोजायचं,” वन्सं म्हणाल्या आणि कुलूप काढलं.

पहिला सुरू केला. दुसरा सुरू केला, पण त्याचा ब्रेकर पाडलेलाच ठेवला आणि ब्रेकरच्या दोन्ही बाजूंना मीटरच्या पिना टेकवल्या. दोघांची लय एक असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, आणि तरच जोडायचं. शून्य आलं. तोंड बाजूला वळवून त्यांनी ब्रेकर वर केला.

मग तिसरा. पिना टेकवल्या आणि वन्संचा हात तिथेच थांबला. शून्य हवं तिथे घरच्या विजेच्या दुप्पट आकडा दिसत होता. तो ब्रेकर वर केला असता तर काय झालं असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर मी वाचलं.

त्यांनी सगळं बंद केलं आणि पुन्हा कुलूप घातलं.

“कुणी हात लावला?”

ह्यांनी भिंतीकडे पाहिलं. टॉवेलसुद्धा काठाला काठ जुळवून वाळत घालणारा माणूस, आता खाली पडलेले स्क्रू ओळीत लावू लागला. मी काचेकडे धावले. पारा मागच्या खेपेला पीक गेलं त्या खुणेला भिडायला आला होता. परतले तर वन्सं पहिल्या इन्व्हर्टरचं झाकण खोलत होत्या. चूक कुठे आहे कळत नाही तोवर तिन्ही मुळापासून उघडावे लागतील, आणि तेवढ्या वेळात पीक हाती राहत नाही, असं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं.

“आई तापमान विचारतायत,” मी म्हणाले. खरं तर त्या काही विचारत नव्हत्या, काचेआडून नुसत्या बघत होत्या.

तेव्हा हे बोलले. “ताई, मी. तिसऱ्याच्या वायरी वेड्यावाकड्या दिसत होत्या. दोन काढून सरळ लावल्या.”

“दोनच?”

“दोनच. शपथ.”

वन्सं लगेच वळल्या. पहिल्याचं झाकण लावलं, तिसऱ्याचं उघडलं. दोन्ही वायरींची जागा उलट झाली होती. एकटा चालवला असता तर त्याने दिवा बिनबोभाट पेटवला असता, बाकीच्या दोघांशी लय मात्र उलटी पडली होती. वायरी बदलून झाल्यावर त्यांनी दोघांना सुरू केलं, तिसरा जागा केला आणि मीटर भावाच्या हातात दिला.

“मोज.”

ह्यांनी मीटर धरला. पिना दोनदा घसरल्या. शेवटी टेकल्या. शून्य.

“बाजूला हो, तोंड तिकडे,” वन्सं म्हणाल्या आणि ब्रेकर वर केला.

मागून मशीन गुरगुरलं, क्षणभर अडलं, आणि मग एकसारखं चालू लागलं. कितीतरी वेळ पारा जागचा हलला नाही. मग केसभर उतरला.

सासूबाईंनी दार बोटभर उघडून लेकीला विचारलं, इतका वेळ काय करत होतात?

ह्यांनी तोंड उघडलं. वन्सं मध्येच म्हणाल्या, “मला मोजायला वेळ लागतो गं, तुला ठाऊक आहे. लाव ते दार.”